कांडीचं ठिबक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी नलिनी खंडारे हे नाव सांगतो. आईवडिलांच्या आधी सांगतो. आईला त्यात काही वावगं वाटत नाही. मी कधी विसरलो तर तीच आठवण करून देईल. साखरखेर्ड्याहून आमच्या गावाकडे येताना वाटेत कोणालाही ‘नलिनी खंडारे कुठे राहतात’ असं विचारा, माणूस तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. ‘नळीबाई’ म्हणा, लगेच बोट दाखवील. आता ते घर बंद आहे. का बंद आहे ते सांगायला बसलो आहे, आणि मी रागात आहे. राग ओसरला की लिहा, असं आमच्या कॉलेजातल्या एका ज्येष्ठ सरांनी सुचवलं होतं. मी वाट पाहिली. तो ओसरत नाही.

नलूमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. बौद्धवाड्यात शेवटचं घर आमचं, त्याच्या अलीकडचं तिचं. अंगानं उंच, हाडकुळी; आवाज असा, की ती घरात सुनेशी बोलली तरी टेकडीवरच्या गुराख्याला कळावं आज भाजी काय आहे. शेतात जाताना बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, तसा तीही घालायची. फरक एवढाच, की नवरा जाऊन वर्षं लोटली तरी तिनं तो शर्ट कधी उतरवला नाही. बाजारात शर्ट, ग्रामसभेत शर्ट. शर्टाच्या खिशात जुन्या चपलेच्या रबराचा एक तुकडा असे आणि त्यात बाभळीचे काटे खोचलेले असत. तिला घाईत मिठी मारायची सोय नव्हती.

आणि तिचं एक वाक्य होतं: ‘लिहून दे.’

एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं, पुढची गाडी चारला आहे, की ही म्हणे, “लिहून दे.” एकदा एका हसतमुख कंडक्टरनं खरंच तिकिटाच्या मागं लिहून दिलं. गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशी तेच तिकीट दुसऱ्याच कंडक्टरला दाखवून ती मेहकरपर्यंत भांडत गेली. तो बिचारा म्हणत होता, “बाई, हे माह्या हातचं नाही.” ही म्हणत होती, “खातं तं तेच हाये ना बे!” मुलीचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या जावयालाही तिनं सांगितलं, “दारू पिनार नाही असं लिहून दे.” जावयानं दिलं. तो पितो. ते ऐकवून मी एकदा तिला डिवचलं, “काय उपयोग झाला मग मावशी?” ती म्हणाली, “पेला का त्याले तो कागद दाखोतो. आता तो पेतो, पन लाजून पेतो.”

या वेडाला कारण होतं. गावाच्या वरच्या अंगाला टेकडीच्या उतारावर गायरान आहे. म्हणजे गुरं चारायची, सरकारच्या नावावरची जमीन. त्यातला एक तुकडा तिच्या सासूनं दगड फोडून, वेचून वावरासारखा केला होता. नावावर करून देतो, असं सासूला प्रत्येकानं सांगितलं होतं. तलाठ्यानं सांगितलं, पुढाऱ्यानं सांगितलं, मतं मागायला आलेल्या दुसऱ्या पुढाऱ्यानंही सांगितलं. “सगळ्यायनं बोलून देल्लं,” मावशी म्हणायची. “माही सासू त्या बोलन्यावरच मेली. कोनी लिहून नाही देल्लं.”

तो तुकडा अर्ध्या एकराचाही नव्हता. मुरूम आणि खडा. पावसाळ्यात ज्वारी, तूर काहीतरी यायचं, पण दिवाळीनंतर तिथं काही राहायचं नाही. आणि दिवाळीनंतरच आमच्या भागात मुकादमाचे ट्रक येतात. ऊसतोडीला अर्धा वाडा उठून जातो. जाताना शेळ्या जातात, भांडी जातात, पोरं जातात. पोरं गेली की शाळा जाते. मी सहावीत जाईपर्यंत एकाही वर्षाचा अभ्यासक्रम मला पूर्ण माहीत नव्हता. आजही इतिहासातलं दिवाळीनंतर शिकवलेलं काही विचारलं तर मी गप्प बसतो.

नलूमावशीला ठिबक पहिल्यांदा दिसलं ते रावसाहेब काकांच्या मळ्यात. काका मोठे बागायतदार, माणूस तसा वाईट नाही. कोणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यांत आधी पोचतो. त्यांच्या मोसंबीच्या बागेत ती निंदायला जायची. काळ्या नळ्या झाडाच्या बुडाशी टप टप करताना पाहून ती खुरपं खाली टाकून बसून राही, असं माझी आई सांगते. मग काकांनी जुन्या नळ्या काढून नव्या टाकल्या आणि जुन्यांचा ढीग बांधावर लागला. मावशीनं विचारलं.

“काका, ह्या नळ्या मले द्याना.”

“तुले कायले पाह्यजे वो?”

“माह्या मिरचीले.”

काका मोठ्यानं हसले. “नलू, त्या बरडाले सलाईन लावतं का? अवं, पेशंट तं वाचला पाह्यजे!”

निंदणाऱ्या बायाही हसल्या. माझी आईही हसली, हे ती स्वतःच कबूल करते. पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला नाही म्हणून काकांच्या गड्यानं तो ढीग पेटवून दिला. काळा धूर दिवसभर गावावर होता. मावशी बांधावर उभी राहून पाहत होती. त्यानंतर कुठंही प्लास्टिक जळाल्याचा वास आला की ती तेच बोलायची: “द्याचं नोतं तं नोतं द्याचं. जाळलं काऊन?”

मला या प्रसंगाचा जो राग येतो तो काकांच्या हसण्याचा नाही. ठिबक ही बागायतदाराची वस्तू आहे, ज्याच्याकडे आधीच पाणी आहे त्यानं ती वापरावी, आणि ज्याच्याकडे पाणी घागरीनं मोजून येतं त्यानं आभाळाकडे पाहावं, हा उलटा न्याय सगळ्यांना इतका सहज वाटतो, त्याचा येतो. थेंबाथेंबाची गरज कोणाला जास्त, हे सांगायला पदवी लागत नाही.

मावशीला उपाय सापडला तो शाळेच्या फाटकात. उन्हाळ्यात तिथं बर्फाच्या कांड्या मिळायच्या. प्लास्टिकच्या बारीक नळीत गोठवलेलं रंगीत गोड पाणी, दातानं टोक तोडून चोखायचं. दोन पोरांनी वितळलेल्या कांड्यांना पिनेनं भोकं पाडली होती आणि एकमेकांच्या सदऱ्यावर पिचकाऱ्या मारत होती. एक धार मावशीच्या शर्टावर आली. तिनं पोराच्या पाठीत धपाटा घातला, कांडी हिसकावून घेतली आणि मग तशीच उभी राहिली. कांडी हळू दाबायची, पाहायची. पुन्हा दाबायची. पोरगं रडत होतं, “मावशी, माही कांडी दे!” ती म्हणाली, “चूप बे, पाहू दे.”

साखरखेर्ड्याच्या बाजारात रफिकभाई कांड्या बनवायचा. त्याच्याकडे त्या नळीची भेंडोळी असत. मावशी तिथं गेली. हा संवाद रफिकभाई आजही रंगवून सांगतो.

“भाई, नळी पाह्यजे. खाली. पानी नको.”

“खाली नली का क्या करेगी आपा? हवा चूसेगी?”

“मिरचीले पाजाची हाये.”

“मिर्ची को ऑरेंज पिलायेगी?”

“तुह्यापाशी आंबा असन तं आंबा दे. तिले काय समजते!”

त्यानं तिला छपाई चुकलेली भेंडोळी दिली. त्यावर ‘ऑरेंज’ हा शब्द उलटा छापला होता. मावशीनं वावराच्या वरच्या कोपऱ्यात दगडांचा ओटा रचला, त्यावर ड्रम ठेवला. ड्रमच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं, गाळणी म्हणून. खाली एक काळा पाइप आडवा, आणि त्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेल्या कांडीच्या नळ्या, मिरचीच्या एकेका ओळीला एक. जिथं रोप, तिथं बाभळीच्या काट्यानं टोचलेलं भोक. शेवटाला नळीची गाठ. मोटर नाही, वीज नाही. गायरानात एक जुनी दगडाची खदान आहे, तिच्यात पावसाचं पाणी साचून उन्हाळा लागेपर्यंत टिकतं. तिथून बाया डोक्यावर घागरी आणून ड्रम भरत. आधी तीच घागर रोपाला ओतली की मुरूम ती गटकन पिऊन टाकायचा आणि रोप तसंच माना टाकून उभं. आता ड्रम भरून ठेवला की पाणी पुरायचं. ते थेंब बघायला मी जायचो. मिरचीच्या ओळीत उलटं ‘ऑरेंज, ऑरेंज, ऑरेंज’ लिहिलेलं आणि त्यातून साधं पाणी ठिबकतंय.

सगळं पहिल्याच फटक्यात जमलं, असं मुळीच नव्हतं. नळी पारदर्शक, त्यामुळे उन्हानं आत हिरवं शेवाळ धरलं आणि भोकं बुजली. मग तिनं नळ्या मातीखाली आणि पाल्याखाली झाकायला सुरुवात केली. एका उन्हाळ्यात नळ्या कडक होऊन फुटल्या आणि त्यांचे तुकडे वाऱ्यानं गावभर उडाले. बोरीच्या झुडपांवर ‘ऑरेंज’ फडफडू लागलं. कोणाची तरी शेळी तुकडा खाऊन मरता मरता वाचली. गाव बोललं, आणि बरोबरच बोललं. मावशी शिव्या देत देत झुडपाझुडपांतून तुकडे वेचत फिरली. शिव्या कोणाला होत्या ते कळत नव्हतं, बहुधा वाऱ्याला. तेव्हापासून हंगाम संपला की ती एकूण एक नळी गोळा करून रफिकभाईला परत नेऊन द्यायची. झाडांवरच्या खारी पाण्यासाठी नळ्या कुरतडायच्या, म्हणून तिनं वावराच्या चारही कोपऱ्यांत फुटक्या खापरांत पाणी ठेवलं. “पेयाचं तं हे पेय ना वो, चोट्टे!” असं ती खारींना सांगायची. त्या ऐकत.

ती हट्टीही होती, आणि हट्टापायी तोंडावर पडायची. मी नववीत असताना तिनं ड्रमचा ओटा पुरुषभर उंच करायचा घाट घातला; उंच केला की पाणी लांब जाईल. आम्हाला वर्गात नुकताच पाण्याचा दाब शिकवला होता. मी म्हणालो, “मावशी, ड्रम उंच केला तर दाब वाढेल, नळ्या फुटतील.”

“लिहून दे.”

मी वहीचं पान फाडून लिहून दिलं. तिनं पान शर्टाच्या खिशात घातलं आणि ड्रम उंच केला. थोड्याच वेळात अर्ध्या ओळी फटाफट फुटल्या. ती घोट्याएवढ्या चिखलात उभी राहिली, मला वाटलं आता मार बसणार. तिनं खिशातून पान काढलं, पुन्हा वाचलं. ती चौथी शिकलेली होती, एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारून वाचायची. मग घरी जाऊन ते पान तिनं बाबासाहेबांच्या फोटोच्या मागं खोचून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “आमच्या मिल्यानं लिहून देल्लं होतं, आनि तसंच झालं. आजपावतर मले लिहून देल्लेलं येवढं एकच खरं निघालं.”

त्या मिरचीनं, वांग्यानं आणि भेंडीनं काय केलं ते सांगतो. मी सहावीत असताना दिवाळी झाली, ट्रक फाट्यावर उभे राहिले, आईनं बोचकी बांधली. मावशी आमच्या दारात आली आणि आईला म्हणाली, “कमल, यंदा नको जाऊ. माह्या वावरात ये. पानी आनाले दोघी झालो तं दोन ड्रम भरते. पिकन ते अर्धं तुह्यं.” बाप म्हणाला, कांड्यांच्या भरवशावर घर चालतं का? मावशी म्हणाली, “लिहून देऊ?” आई थांबली. त्या वर्षी मी पहिल्यांदा शाळेची संक्रांत पाहिली, वार्षिक परीक्षेला स्वतःच्या बाकावर बसलो. पुढं बुलढाण्याला कॉलेजात गेलो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, आणि आज त्याच शहरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. पुढं वाड्यातल्या आणखी दोन घरांनी तिच्याशेजारी गायरानात तसेच तुकडे केले, तसेच ड्रम मांडले. तीन घरं ऊसतोडीच्या कोयत्यातून सुटली होती. कोणत्याही योजनेशिवाय, कोणाच्याही भाषणाशिवाय.

मग ग्रामसभेत कोणीतरी या नळ्यांबद्दल बोललं, आणि तालुक्याहून एक साहेब पाहणीला आले. मी सुट्टीला गावी होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. साहेब तरुण होते, बोलायला गोड.

“आजीबाई, हे काय आहे?”

“ठिबक.”

“हे ठिबक नव्हे हो. ठिबक म्हणजे शास्त्रशुद्ध संच असतो. फिल्टर असतो, नळीवर मार्क असतो, पक्कं बिल असतं, सातबाऱ्यावर नोंद असते.”

“पानी ठिबकून राह्यलं का नाही?”

साहेबांनी वाकून पाहिलं. “ठिबकतंय. पण हे ठिबक नाही.”

“मंग लिहून द्या, का हे ठिबक नाही.”

साहेब हसले. “असं कसं लिहून देता येईल?”

“मंग हे ठिबक हाये असं लिहून द्या.”

“तसंही देता येणार नाही.”

“मंग तुमी आले कायले? माही मिरची पाहाले?”

सोबतची माणसं हसली, साहेबही हसले. जाताना त्यांनी पिशवीभर मिरची मात्र मागून नेली. “घरी आवडते,” म्हणाले. मावशीनं ती तोडून दिली. दारी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, हेही तिच्यात होतं.

मला नियम कळतात. हलक्या नळ्या विकून शेतकऱ्याला फसवणारे आहेत, म्हणून मार्क लागतो, बिल लागतं, हे मी समजू शकतो. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्या रोपाला तहान लागत नाही, असं कोणत्या शास्त्रात लिहिलं आहे? स्वस्त नळी वाईट असेल तर चांगली स्वस्त नळी करून द्या. उन्हात न फुटणारी द्या, शेळीनं खाल्ली तर न मारणारी द्या. एवढी कॉलेजं आहेत, एवढे प्रयोगशाळेतले लोक आहेत. त्यांच्यापैकी एकानं तरी खाली बसून त्या बाईला विचारायचं, बाई, तुझ्या नळीत कमी काय आहे? ती एका दमात सगळं सांगत होती. तिच्या नळीत काय काय कमी आहे याचं तिच्याइतकं गाऱ्हाणं कोणीच करत नव्हतं. ते कोणाला ऐकायचं नव्हतं. ‘शास्त्रशुद्ध’ हा शब्द मी वर्गात शिकवताना वापरत असे. आता तोंडात आला की चव जाते.

दोन पावसाळे गेले आणि गायरानावर फलक लागला. झाडं लावायची योजना आली होती. फलकावर लिहिलं होतं, ‘ठिबक सिंचनासह’. तिन्ही घरांना सांगितलं, हे अतिक्रमण आहे, सोडा. मिरचीला नुकती फुलं लागली होती. मावशी म्हणाली, “एवढं पीक निघू द्या, मंग काय ते पाहू.” सांगायला आलेले हो म्हणाले. तेही बोलूनच म्हणाले. चार दिवसांत यंत्र आलं.

मी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं पोचलो तेव्हा ओटा पाडून झाला होता. ड्रम उताराखाली जाऊन पडला होता. यंत्राच्या दातांत कांडीच्या नळ्या अडकून आतड्यांसारख्या बाहेर आल्या होत्या, आणि मिरचीची झाडं फुलांसकट मुरमाखाली. दुपारी पाहुणे आले. त्यांत तेच गोड बोलणारे साहेब होते. खड्ड्यांत रोपं लावून झाली होती. रोपांच्या ओळींतून नव्या कोऱ्या काळ्या नळ्या अंथरल्या होत्या, त्यांच्यावर मार्क होता. साहेबांनी माइकवर सांगितलं, या रोपांना शास्त्रशुद्ध ठिबक केलं आहे.

मावशी गर्दीत नव्हती. ती एका काळ्या नळीला हात लावून तिच्याबरोबर चालत निघाली होती, वाकून, दोरीचं टोक शोधावं तशी. नळी मोठ्या पाइपाला मिळाली, पाइप उतारावरून खाली गेला आणि एका बोरीखाली संपला. त्याच्या तोंडाला पिशवी बांधलेली होती. विहीर नाही, टाकी नाही, काही नाही. ती तिथून ओरडली. माइकची गरज नव्हती.

“साहेब, येचं पानी कुठी हाये?”

“पाण्याची सोय होईल, आजी. टँकर येईल.”

“हे ठिबक हाये?”

“हो, हे ठिबक आहे.”

“म्हंजे पानी होतं तं ठिबक नोतं, आनि पानी नाही तं ठिबक हाये!”

काही लोक हसले. तिनं पुढं म्हटलं, “टँकर येईन असं लिहून द्या.” माइकवरून कोणीतरी म्हणालं, “आजीबाईंना जरा बाजूला घ्या.” दोघांनी तिचे दंड धरून तिला बाजूला घेतलं. मी मध्ये गेलो, मलाही बाजूला घेतलं. फोटो काढले गेले, फोनवरून कुठंतरी चढवले गेले. संध्याकाळी मजुरांनी तण, पाला आणि त्या कांडीच्या नळ्या एकत्र करून पेटवल्या. तोच काळा धूर, तोच वास. मी मावशीकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता ‘जाळलं काऊन?’ म्हणेल. तिनं या वेळी काहीच विचारलं नाही.

त्यानंतर मी बुलढाण्यात जिथं जिथं अर्ज देता येईल तिथं दिला. एका टेबलावर ऐकलं, विषय आमचा नाही. दुसऱ्या टेबलावर ऐकलं, विषय संपला आहे. टँकर फोटोच्या दिवशी, सगळं आटोपल्यावर एकदा आला होता तेवढाच. भोवती तारेचं कुंपण आहे, खदानीची वाटही त्या कुंपणात गेली. संक्रांत येण्याआधी रोपं वाळून काड्या झाल्या. कागदावर ती जगलेली असतील. मी तो कागद पाहिलेला नाही, पण मला खात्री आहे.

या दिवाळीनंतर ट्रक आले तेव्हा तिन्ही घरं निघाली. मावशीचा मुलगा, सून, आणि सुनेचं तान्हं सांभाळायला मावशी. या वयात. मी निरोप द्यायला फाट्यावर गेलो. ती ट्रकमध्ये गाद्या-भांड्यांच्या ढिगावर बसली होती, अंगात तोच शर्ट, मांडीवर नातू. मी दिसल्यावर हसली नाही. वरूनच म्हणाली, “मिल्या, तुह्या सहीले किंमत हाये ना आता?”

“आहे थोडीशी.”

“मंग मले एक लिहून दे.”

“काय लिहून देऊ, मावशी?”

ट्रक सुरू झाला होता, ड्रायव्हरनं गाणंही लावलं होतं. ती काहीतरी म्हणाली, हात हलवून पुन्हा म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी थोडा पळालो. ती बोलतच होती, तोंड हलताना दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज मला पोचला नाही.

घरी येऊन मी कागद घेतला. कारखान्याच्या गेटवर, टोळीच्या नावानं, मुकादमाच्या हाती पडेल असं पत्र टाकलं. ते असं:

लिहून घेणार: नलिनी खंडारे, ऊसतोड कामगार, हल्ली मुक्काम कारखान्याजवळच्या, उसाच्या पाचटाच्या कोप्या.
लिहून देणार: मिलिंद, तुझ्या शेजारच्या कमलचा मुलगा.

मावशी, ट्रकच्या आवाजात तू काय मागितलंस ते मला ऐकू आलं नाही. म्हणून मला जे माहीत आहे ते लिहून देतो. दुसऱ्या कोणी वाचून दाखवू नये, तूच वाच, मोठ्यानं वाच, कोप्यांतल्या सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे.

लिहून देतो, की गायरानातल्या बरडावर तुझ्या सासूनं दगड फोडून वावर केलं. ती शेती होती.

लिहून देतो, की त्या वावरात तू कांडीच्या नळीतून मिरचीच्या बुडाशी पाणी सोडलंस. ते पाणी मी माझ्या डोळ्यांनी ठिबकताना पाहिलं आहे. ते ठिबक होतं.

लिहून देतो, की त्या पाण्यावर मी शिकलो. कोणी विचारलं, तर नाकारणार नाही.

लिहून देतो, की काल मी कुंपणापाशी जाऊन आलो. आत काळ्या नळ्या आहेत तशाच आहेत. एकही कुरतडलेली नाही. खारींनी तोंडसुद्धा लावलेलं नाही, मावशी. आत काही नाही हे त्यांना कळलं. मी कुंपणाबाहेर एका खापरात पाणी ठेवून आलो.

लिहून देतो, की मी हे प्रकरण सोडणार नाही. हे वाक्य खोटं निघालं, तर हा कागद घेऊन माझ्या कॉलेजात ये आणि माझ्या विद्यार्थ्यांसमोर मोठ्यानं वाच. खरं निघालं, तर फोटोच्या मागं ठेव.

लिहून देणार,
मिलिंद

साक्षीदार: कमल, लिहून देणाराची आई. तिनं आधी सगळं वाचून दाखव म्हटलं, दोनदा वाचायला लावलं, मगच सही केली.